डग मेटकाफ आणि नावेचे मैल

डग मेटकाफला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून कालव्यात उभा होता आणि लॉकच्या, पाणी अडवणाऱ्या लाकडी दरवाज्यापुढे फावड्याने राख टाकत होता. मी या गावात शिक्षिका म्हणून नुकतीच आले होते. काठावरून विचारलं, "राखेनं गळती थांबते?"

"थांबते की. फट असेल तिथं पाणीच ती ओढून नेतं," तो म्हणाला. मग मान वर करून, "तुम्ही शाळेच्या नव्या बाई ना? तुमच्या बॉयलरची राख फेकू नका. आमच्या बेरिलकडे द्या."

बेरिल म्हणजे त्याची बायको. आमच्या शाळेची स्वयंपाकीण. मुलं मला 'मिस' म्हणत, म्हणून तीही मला 'मिस' म्हणू लागली. तिचा शाळेतला स्वयंपाक सुटून बारा वर्षं झाली, माझं शिकवणं सुटून नऊ, पण अजून तिच्या तोंडी मी 'मिस'च आहे.

डग कालव्यावर नोकरीला होता. आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो ना, तसंच त्याचं काम. लीड्सपासून लिव्हरपूलपर्यंत एकशे सत्तावीस मैलांचा हा कालवा. त्यातले नऊ मैल डगचे. गारग्रेव्हच्या खालच्या अंगापासून बार्नोल्ड्सविकच्या पुढपर्यंत. या नऊ मैलांत पंधरा लॉक, म्हणजे नाव टेकडीवर चढवण्याच्या पाण्याच्या पंधरा पायऱ्या. त्यांचे दरवाजे, झडपा, काठ, उंदरांनी पाडलेली भोकं, पुलाखाली अडकलेल्या फांद्या, सगळं त्याच्याकडे. मैलाचे दगडही तोच रंगवायचा. पांढरा रंग, वर काळी अक्षरं, एका बाजूला लीड्स, दुसऱ्या बाजूला लिव्हरपूल. अडतीस वर्षं त्याने ही दोन नावं रंगवली, आणि दोन्ही टोकांपैकी एकही त्याने पाहिलं नव्हतं.

तसं लीड्सला तो गेला होता, दात काढायला. पण कालव्याचं टोक पाहायला नाही.

दोन्ही टोकं तुला दाखवीन असा शब्द त्याने बेरिलला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दिला होता. तीन वेळा निघायचं ठरलंही. एकदा ऐन वेळी काठ फुटला. एकदा कुणा सहलीच्या नावाड्याने झडप उघडी टाकली, रातोरात दोन लॉकच्या मधलं पाणी वाहून गेलं आणि सकाळी सात नावा चिखलात बसलेल्या. तिसऱ्या वेळी दरवाज्याचं बिजागर तुटलं. तिन्ही वेळा बेरिलने भरलेली बॅग परत रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत दोनशे मुलांचं जेवण वेळेवर वाढलं. ती कुणाकडे तक्रार करणारी बाई नव्हे. फक्त त्या दिवशी वाटाण्याचं सूप जरा जास्त दाट असायचं.

डग निवृत्त झाला तेव्हा त्याचा एक खुबा बदललेला होता आणि बेरिलचे दोन्ही गुडघे कुरकुरत होते. पायी जायचा विषय संपला. मग गेल्या शरदात त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या दोन सायकली घेतल्या. पायडल मारायचंच, पण चढ आला की कुणीतरी मागून हात लावल्यासारखी सायकल पुढे जाते. पहिल्या दिवशी बेरिल चर्चच्या चढावर बसल्या बसल्या गेली आणि वर पोचून म्हणाली, "हे आधी का नाही काढलं कुणी?"

फेब्रुवारीत डगने जाहीर केलं, की मे महिन्यात कालव्याच्या काठची घोडवाट धरून, जिथून पूर्वी घोडे नावा ओढत त्या वाटेने, लीड्स ते लिव्हरपूल. पाच दिवस, शनिवारी पोचायचं.

बेरिलने अट घातली. "कागदावर मांड. रोज कुठून कुठं, जेवण कुठं, झोप कुठं, बॅटरी कुठं भरायची. मला पटलं तर येईन. नाही पटलं तर पॉलीनबरोबर बसनं वेल्सला जाईन. त्याच आठवड्यात बस आहे, तिनं दोन जागा धरून ठेवल्यात."

पॉलीन ही बेरिलची मोठी बहीण. लिव्हरपूलला राहते, कालव्याच्या टोकापासून चार गल्ल्यांवर. ती डगला ओळखून होती. "बेरिल आली नाही तर मी एकटी कशाला जाऊ बसनं," तिने फोनवर सांगितलं. "घरीच असेन. शनिवारी चार वाजता चहा ठेवीन. तुमचा चहा थंड होईल, पण ठेवीन." जागा ठेवायच्या की सोडायच्या हे तिला एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळायला हवं होतं.

डगला याची जराही काळजी नव्हती. "नऊ मैल मी अडतीस वर्षं सांभाळले," तो मला म्हणाला. "उरलेले काय, असेच आणखी."

त्याने उरलेला भिंतीचा कागद काढला. जिन्यात लावलेला, निळ्या फुलांचा. त्याच्या कोऱ्या बाजूवर, स्वयंपाकघराच्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, त्याने कालवा काढला. मी एकदा दुपारी गेले तर त्याचे स्वतःचे नऊ मैल दोन हात लांब झाले होते. त्यात प्रत्येक पूल, प्रत्येक फाटक, एक चेरीचं झाडसुद्धा. बाकीचे एकशे अठरा मैल उरलेल्या चार हातांत दाटीवाटीने बसवलेले.

"ब्लॅकबर्न एवढंसंच?" मी विचारलं.

"ब्लॅकबर्नला मी कुठं गेलोय? जेवढं ऐकलं तेवढं काढलं."

ऐकलं म्हणजे फोनवर. कालव्यावर त्याच्यासारखे आणखी होते, प्रत्येकाचा आपापला पट्टा. वर्षानुवर्षं ते एकमेकांशी फोनवर बोलत आले होते. तुझ्याकडे पाणी किती, मी सोडतोय, तू धर. तोंडं मात्र पाहिली नव्हती. आता सगळे निवृत्त. डगने एकेकाला फोन लावला. विगनकडच्या स्टॅन हॅलिवेलशी त्याचं बोलणं मी टेबलाशी बसून ऐकलं, कारण स्टॅनला कमी ऐकू येतं आणि तो फोनवर साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो.

"सायकलीनं? तुझा खुबा तर लोखंडी झालाय म्हणे."

"म्हणूनच सायकलीनं. तुझ्याकडची वाट कशी आहे ते सांग."

"वाट झकास. अडथळे आहेत. मोटारसायकलवाली पोरं येऊ नयेत म्हणून लोखंडी चौकटी ठोकल्यात. हँडल आडवं अडकतं. सायकल उभी करून, फिरवून काढायची."

"वजन चोवीस किलो आहे रे एकेकीचं."

"मग बॅटरी आधी काढून घे. चार किलो कमी होतील. आणि बायकोला सांग, मागून ढकलायचं नाही, पुढून ओढायचं."

"तू सांग तिला."

"मी? मी इतका शूर नाही."

डगने हे सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या अंगणात दोन खांबांना दोऱ्या बांधून स्टॅनने सांगितली तसली चौकट केली आणि दोन्ही सायकली तिच्यातून काढून पाहिल्या. बेरिल खिडकीतून बघत होती. तिसऱ्या खेपेला ती बाहेर आली, बॅटरी काढली, सायकल मागच्या चाकावर उभी केली आणि नाचातल्या जोडीदारासारखी फिरवून पलीकडे नेली.

"असं," ती म्हणाली आणि आत गेली.

फूलरिजचा बोगदाही त्याने हिशेबात धरला होता. तिथे कालवा जवळजवळ मैलभर डोंगराच्या पोटातून जातो आणि आत काठाला वाट नाही. पूर्वी घोडे सोडून टेकडीवरून नेत. सायकलीही तशाच न्यायच्या. चढ असल्याने त्या दिवशी बॅटरी जरा राखून ठेवायची. बॅटरीचं दुकानदाराने पस्तीस मैल सांगितलं होतं. डगने सामान, वारा आणि दुकानदार या तिघांसाठी पाच मैल कापले आणि तीस धरले. मला ते शहाणपणाचं वाटलं.

चार ठिकाणी खोल्या धरून झाल्या. प्रत्येक ठिकाणी त्याने दोनच प्रश्न विचारले, प्लग पलंगाजवळ आहे का, आणि सायकली आत घेता येतील का.

एप्रिलच्या त्या दुसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. भाजलेलं मांस, बटाटे, गाजरं, आणि बेरिलचं यॉर्कशर पुडिंग, म्हणजे अंडं-मैद्याचं भट्टीत फुगवलेलं प्रकरण, जे खाली बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ताटं उचलल्यावर डगने टेबल पुसलं, दोनदा पुसलं, आणि कागद पसरला. चारी कोपऱ्यांवर मीठदाणी, मोहरीची बाटली, जामचा डबा आणि माझा चष्म्याचा डबा ठेवला. साडेतीन वाजले होते.

"बघ पोरी," तो म्हणाला. सत्तरी उलटलेल्या बेरिलला तो अजून पोरीच म्हणतो. "पाच दिवस. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. शेवटच्या दिवशी कमी ठेवलंय, पॉलीनकडे वेळेवर पोचायचं म्हणून."

बेरिलने चष्मा लावला. ती कागद वाचते तेव्हा ओठ किंचित हलतात. शाळेत सामानाची यादी वाचताना तशीच दिसायची.

"पहिला दिवस लीड्स ते बिंग्ली," ती म्हणाली.

"हो."

"माझी मावशी बिंग्लीला होती. लीड्सहून बसनं पाऊण तास लागायचा."

"बस वेगळी. कालवा वळणावळणानं जातो."

"किती वळतो? पंचेचाळीस मैल वळतो?"

"अगं, पंचेचाळीस म्हणजे…" डगने कागदावर बोट ठेवलं. "सोळा मैल आणि एकोणतीस लॉक."

"मग सोळा म्हण."

"लॉक धरायचे ना. एक लॉक म्हणजे एक मैल. सगळे तसंच मोजतात. आमच्या कामाच्या नावेनं माझा पट्टा म्हणजे नऊ मैल आणि पंधरा लॉक, चोवीस होतात. दिवसभराचं काम. सायकल नावेपेक्षा जवळजवळ दुप्पट जाते, म्हणून पंचेचाळीस धरले."

गणित मीही शिकवलं होतं, पण हे गणित त्या घरातलं होतं.

बेरिलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डग, नावेला लॉकमध्ये वेळ का लागतो?"

"म्हणजे काय? दरवाजे लावायचे, पाणी भरायचं, नाव वर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचे दरवाजे…"

"आणि सायकलला?"

डगने कागदावरच्या पहिल्याच लॉकवर बोट ठेवलं.

"माझी सायकल लॉकमध्ये बसून पाणी भरायची वाट बघणार आहे का?" बेरिलने विचारलं. "ती शेजारच्या वाटेनं जाणार. घंटी वाजवत."

मग ती कागदावर पुढे सरकली. आता मात्र शाळेतल्या स्वयंपाकघरातला आवाज लागला होता तिला. "म्हणजे पहिल्या दिवशी सोळा मैल. आपण बाराच्या ठोक्याला बिंग्लीत. मग झोपेपर्यंत करायचं काय?"

"तिथं पाच लॉक आहेत. एकावर एक. बघण्यासारखे…" डगचा आवाज वाटेतच विरला.

"दहा तास लॉक बघायचे. बरं. चौथा दिवस पंधरा मैल. पुन्हा लॉकच बघायचे ना?"

"विगनला एकवीस आहेत," तो पुटपुटला.

"आणि तिसऱ्या दिवशी लॉक कमी, म्हणून मैल बत्तीस. शेवटच्या दिवशी पस्तीस. तुझी बॅटरी किती म्हणालास?"

"तीस."

"म्हणजे लिव्हरपूल पाच मैलांवर असताना मी चोवीस किलोचं लोखंड ढकलतेय आणि पॉलीन खिडकीतून घड्याळ बघतेय."

डगने जामचा डबा उचलला. कागदाचं ते टोक हळूहळू गुंडाळत आलं. तो रागावला नव्हता. त्याचे मोठे, रंगाने आणि पाण्याने राकट झालेले हात टेबलावर नुसते पडले होते.

"स्टॅननंही तसंच मोजलं," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांनी तसंच सांगितलं. माझ्याकडे बत्तीस, माझ्याकडे छत्तीस. कुणाच्या डोक्यात आलंच नाही." मग, "मला नऊ मैल येतात गं. बाकीचं मी ऐकलेलं सांगतोय. पॉलीनला फोन कर. वेल्सला छान वाटेल तुला."

मला वाटलं, आता चौथी बॅग रिकामी होणार. निघावं म्हणून मी चष्म्याचा डबा घेतला, तर कागदाचं दुसरंही टोक उठलं. बेरिलने त्यावर हात ठेवला.

"बसा मिस. चहा व्हायचाय." मग डगला, "दोनशे पोरांना मी बारा वाजता कशी वाढायचे, माहीत आहे?"

"कशी?"

"सकाळी कामाला लागले की जे होईल ते होईल असं म्हणून नाही. बारा वाजता ताट टेबलावर, इथून सुरुवात. मग मागं यायचं. पाऊण तास आधी भट्टीतून काय निघालं पाहिजे, त्याआधी काय चिरलं पाहिजे. तू लीड्सहून निघालास. मी पॉलीनच्या चहापासून निघते. पेन्सिल दे."

तिने कागदाच्या उजव्या टोकाला लिहिलं, शनिवार, चार वाजता. "मागं अठ्ठावीस मैलांवर काय आहे? खरे मैल सांग. दगडावरचे."

डग जरा सरळ बसला. "तिथला दगड मी नाही रंगवलेला."

"पण एकाच हिशेबाचे आहेत ना सगळे? दोन्ही बाजू मिळून एकशे सत्तावीस?"

"आणि पाव," तो लगेच म्हणाला. "पाव सोडायचा नाही." त्याने डोळे मिटले. "लिव्हरपूल अठ्ठावीस, म्हणजे लीड्स नव्याण्णव. पारबोल्ड. स्टॅन म्हणाला होता तिथं पवनचक्की आहे."

"जेवायला आहे का काही?"

"पुलाजवळ खानावळ आहे म्हणाला. तो रविवारी जातो."

"झालं. चौथी रात्र पारबोल्ड. त्याच्या मागं?"

अशी ती दोघं मागे मागे येत गेली. ती पेन्सिलने खूण करी, तो डोळे मिटून दगड सांगे. पारबोल्डच्या मागे अठ्ठावीसवर ब्लॅकबर्न. तिथून चोवीसवर बॅरोफर्ड. तिथून तेवीसवर सिल्स्डन. राहिले चोवीस, की लीड्स. फूलरिजची टेकडी दुसऱ्या दिवसाच्या शेवटी येत होती, पण त्या दिवशी मैल सगळ्यांत कमी, म्हणून बॅटरी पुरत होती. एकही दिवस तीसच्या वर गेला नाही. डगने बेरीज तीनदा केली, बेरिलने एकदा.

मग डगच्या एक गोष्ट लक्षात आली. "दुसऱ्या दिवशी दुपारी आपण इथूनच जातो. आपल्याच गावातून. माझ्या पट्ट्यातून सगळा."

"माहीत आहे मला."

"घरी जेवता येईल."

"घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर मी कपडे धुवायला लावीन आणि तू दरवाज्याला राख टाकायला जाशील." तिने पेन्सिल त्याच्यावर रोखली. "डबा सिल्स्डनला भरून घ्यायचा आणि कुठल्या तरी बाकावर खायचा. तुझ्या त्या नऊ मैलांत सायकलवरून उतरायचं नाही. गळो, फुटो, नाव बुडो. आता तिथं दुसरा माणूस आहे, पगारी."

"तो पोरगा नीट ग्रीस लावत नाही बिजागरांना."

"डग."

"नाही उतरणार."

"मिस, ऐकलंत ना? साक्षीदार आहात."

मी म्हटलं, ऐकलं. मला खरं तर खात्री वाटत नव्हती, आणि बेरिललाही वाटत नसावी. पण तिच्या चेहऱ्यावर ती शंका दिसली नाही. दोनशे पोरांपैकी कुणी तरी गाजरं टाकणारच हे धरून रोज गाजरं शिजवणारी बाई ती.

सहाला दोन मिनिटं असताना फोन वाजला. पॉलीन वेळ पाळते. बेरिलने उचलला आणि उभ्यानेच बोलू लागली. पॉलीनचा आवाज बारीक पण धारदार, अर्धं आम्हालाही ऐकू आलं.

"हां, काय ठरलं? ठेवू जागा की सोडू?"

बेरिलने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर आता डगचे पाच आकडे खोडलेले होते आणि तिचे पाच वर लिहिलेले. डग मोहरीच्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत होता.

"सोड," बेरिल म्हणाली.

पॉलीनचा आवाज चढला, "खरंच? बेरिल, तीन वेळा झालंय. हा माणूस वाटेत एखादा दरवाजा दुरुस्त करत बसेल आणि तू चिखलात उभी राहशील."

"नाही राहणार."

"आणि बसला तर?"

"बसला तर बसला. मी पुढं येईन. माझी सायकल वेगळी आहे, बॅटरी वेगळी आहे आणि कागद माझ्याकडे आहे. शनिवारी चारला चहा ठेव. एक कप नक्की, दुसऱ्याचं त्याचं तो बघेल."

फोन ठेवून तिने किटली भरली. डगने बाटली खाली ठेवली.

"खरंच पुढं जाशील?"

"हो."

चष्मा लावून डगने आधी धरलेल्या खोल्यांचे नंबर काढले आणि बिंग्लीला फोन लावला. मालकिणीने विचारलं असावं, येणं का रद्द केलं, कारण तो म्हणाला, "काही नाही हो बाई. आम्ही स्वतःला नाव समजलो होतो." त्यानंतर सिल्स्डनचा नंबर फिरवला. पलीकडून किती वाजता पोचाल असं विचारलं, तसा त्याने हात लांब करून फोन बेरिलपुढे धरला.

"वेळ तिला विचारा," तो पलीकडच्या माणसाला म्हणाला. "मी तिच्याबरोबर येतोय."